कॉलेजात काय शिकवता?

पाहुणा उंबऱ्यात आला आणि खोलीतली झाडून सगळी माणसं उठून उभी राहिली.

टॉलिव्हरसाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. दाराशी नुकतेच काढलेले बूट त्यांनी उचलले आणि ते मागच्या मागे जिन्याकडे सरकू लागले. इद्रीसने धावत जाऊन त्यांची बाही धरली.

"साहेब, झालं काय?"

"ते सगळे उठले," टॉलिव्हर पुटपुटले. "आमच्या गावात काळा माणूस दारात दिसल्यावर गोरे असे उठले, की तिथे थांबायचं नसतं."

इद्रीसने बाही सोडली नाही. तो आखातात अहमदीला तेल कंपनीत त्यांच्याच हाताखाली कारकून होता. अमेरिका म्हणजे जगाला दुधाची पावडर फुकट वाटणारा देश, एवढीच त्याची समजूत. तिथला इंजिनियर आपल्या कॉलेजसाठी वर्गणी मागत फिरतो, हे ऐकूनच तो आधी चाट पडला होता. कॉलेज काळ्या मुलांचं. मुलींचं वसतिगृह जळून गेलेलं, ते पुन्हा उभं राहिलं नाही तर कॉलेजलाच टाळं लागणार. अहमदीतल्या गोऱ्या साहेबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि उन्हाळ्याच्या गप्पा काढल्या. म्हणून इद्रीसने त्यांना शुक्रवारच्या नमाजानंतर हवल्लीच्या वस्तीत, गफूर शिंप्याच्या माडीवर आणलं. कोकणी जमातीची बैठक तिथेच भरायची.

पण ही माणसं का उठली, ते त्यालाही कळेना. तो पडला रत्नागिरीचा. बैठक बहुतेक मुरूडकरांची. त्यांतले सर्वांत वडील हारूनचाचा कपाळाशी हात नेऊन आदाब करत पुढे आले. "सिद्दीसाहेब! या, या, आत या!"

तेव्हा इद्रीसच्या डोक्यात उजेड पडला. जंजिऱ्याचे नवाब सिद्दी, मूळचे आफ्रिकेतले. संस्थान विलीन होऊन वर्षं लोटली, तरी मुरूडकरांच्या पाठीच्या कण्यातून नवाब काही गेले नव्हते. सुटाबुटातला उंच काळा माणूस दारात आला, म्हणजे तो नवाबांच्या घरातलाच असणार! इद्रीसने घाम पुसत एकाला इंग्रजीत आणि दुसऱ्याला मराठीत सगळं समजावलं. टॉलिव्हर भिंतीला टेकले. "माझ्यासारखा माणूस? राजा?"

हारूनचाचाही हादरले होते. "म्हणजे हे सिद्दी नायत?"

"नाही चाचा. यांच्या आज्याला बाजारात विकलं होतं."

मान द्यायचं कारणच उरलं नाही. एकदोघे बसायला वाकले.

"मग सिद्द्यांचे वाडवडील काय पालखीतून आले होते?" चाचा म्हणाले. "तेही विकलेच गेले होते. बसा साहेब, उभे का?"

जमातीची रीत सगळ्यांना ठाऊक होती. चाचांचा हात खिशात गेला, की बाकीचे हात खिशात जायचे. चाचांचा हात गेला. पाकीट अर्धं बाहेर आलं.

"कॉलेजात काय शिकवता?"

टॉलिव्हर ताठ झाले. विद्यार्थी असताना ते कॉलेजच्या गायकांबरोबर दारोदार हिंडले होते. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात गायचं, वाकून नमस्कार करायचा आणि मग हा प्रश्न यायचा. उत्तर तेव्हापासून तोंडपाठ होतं. "स्वयंपाक, सुतारकाम, धुणं, इस्त्री. आमची मुलं नम्र असतात. कष्टाला मागे हटत नाहीत."

इद्रीसने ते मराठीत सांगितलं. चाचांचं पाकीट परत खिशात गेलं. बाकीचे हात जागच्या जागी थांबले.

"मग मी नाय देणार," चाचा म्हणाले. "इस्त्री शिकायला कॉलेज कशाला? आमच्या गफूरकडे पाठवा, तो चहा पाजून शिकवील."

हशा पिकला. इद्रीसला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्याने शब्द न् शब्द सांगितला. टॉलिव्हर आ वासून चाचांकडे बघत राहिले. हे उत्तर ऐकून देणगीदार खूश झालेले त्यांनी पाहिले होते. रागावलेला एकही नाही. त्यांनी वळून दाराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"गणित शिकवतो. कायदा. रसायनशास्त्र. आमच्या मुली पुढे डॉक्टर होतात. गोरे देणगीदार आले की पुस्तकं झाकायची आणि मुलींच्या हातात इस्त्री द्यायची."

"या अल्ला!" चाचा ओरडलेच. "देणाऱ्यापासून लपवून शिकता?" त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पाकीट उघडलं आणि आतलं होतं नव्हतं ते सगळं टोपीत रिकामं केलं. मग टोपी खोलीभर फिरली. गफूरने तर दोनदा हात घातला.

जिना उतरताना टॉलिव्हर मध्येच कठड्याला धरून थांबले. इद्रीसला वाटलं, ऊन लागलं. "पाणी आणू, साहेब?"

"नको," ते पायरीवरच बसले. "विसाव्या वर्षापासून मागतोय मी, इद्रीस. खरं सांगून मिळालेली ही पहिली देणगी."