खिडकीपाशी

सुभान खलाशी होऊन पहिल्यांदाच परदेशी निघाला होता. त्यानं मुंबईहून आई-बापाला पत्र धाडलं होतं, ‘धक्क्यावरच्या खानावळीत थांबा. साऱ्या बंदरात असं कालवण कुठं मिळायचं न्हाई. खिडकीपाशी बसा, तिथनं माझं जहाज दिसंल.’

केडगावहून आलेले चांदभाई आणि इमामबी खिडकीपाशीच बसले. समोर नुसती काळी भिंत.

“दौंडच्या इंजिन शेडची भिंतबी एवढी उंच न्हाई,” चांदभाई चिडून म्हणाले. “चांगली जागा हुडकली पोरानं! हिच्याआड ना दर्या दिसतो, ना जहाज.”

“कालवण तरी खावा, गरम हाय तवर,” इमामबी म्हणाली. तिचा स्वतःचा घास हातातच होता. पोराचं तोंड न बघताच परत जायचं, हे तिला कळून चुकलं होतं.

इतक्यात भोंगा झाला. पेल्यातलं पाणी थरथरलं. इमामबीनं नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

“अवो, भिंत चालाय लागली.”

चांदभाईंनी खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं. भिंतीच्या पार टोकाला, आभाळाला टेकून, मुठीएवढा सुभान हात हलवत होता.