भैय्याजींचा अंदाज

पेढ्यांचा डबा पुंडलिकरावांनी भैय्याजींना नाही, दामिनीच्या हातात दिला. म्हणाले, आधी लेकीचं तोंड गोड होऊ दे, बापाचं मग.

पुंडलिकराव म्हणजे भैय्याजींचे भिलाईच्या स्टील प्लांटमधले जुने सोबती, कॅम्प-एक वस्तीत राहणारे. रिटायर होताना हाती आलेला पैसा त्यांनी मेघवेध नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या शेअरमध्ये घातला होता आणि आता तो दुप्पट झाला होता. घरावर मजला चढवतो म्हणत होते. दामिनीचा हात पेढ्यावरच थांबला. मेघवेध म्हणजे सुमेध नोकरीला होता ती कंपनी.

"सारे विकून राहिले होते, बेटा. तुह्या बाबांनी मले हात धरून सिविक सेंटरले दलालाकडे नेलं. म्हणे, पुंडलिक, हे कंपनी बुडत नाही, पाहजो, उठते. आधी सोता घेतले, मंग मले घ्याले लावले."

"कधी, काका?"

"दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी. आपट्याची पानं बी सुकली नव्हती."

भैय्याजींनी मध्येच उन्हाचा विषय काढला, यंदा भिलाईत फारच तापून राहिलं म्हणाले. पुंडलिकराव हसत चहा पीत राहिले. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? सुमेधची गोष्ट या क्वार्टरबाहेर कधी गेलीच नव्हती.

गेल्या वर्षी दामिनीने सुमेधचं नाव घरात काढलं ते भीतभीतच. पण भैय्याजींनी आवाजसुद्धा चढवला नाही. आपल्या घरात जात-बित कोणी पाहत नाही म्हणाले, बोलाव पोराला. सुमेध आला तर घरचा चहा काय रोजचाच, म्हणून त्याच्यासाठी हॉटेलातून समोसे आणि कागदी कपातला स्पेशल चहा मागवला. बाप असावा तर असा, असं म्हणत दामिनी मनातल्या मनात केवढी मिरवली होती.

दसऱ्याला सुमेधच्या घरचे सगळे दीक्षाभूमीवर गेले होते. ते नागपूरहून परतले की साक्षगंधाची तारीख काढायची होती. आणि नेमकं दसऱ्याच्याच सकाळी भैय्याजी पेपर पसरून लेकीला समोर घेऊन बसले. मेघवेधचं मोठं अमेरिकन गिऱ्हाईक सुटलं होतं, शेअर मातीमोल झाला होता. डोक्यावर कर्ज, मालकांनीच आपले शेअर गहाण टाकलेले. ही कंपनी आता उठत नाही, पोराची नोकरी आज जाते की उद्या, असं त्यांनी एकेका आकड्यावर बोट ठेवून समजावलं. क्वार्टरांचं अख्खं सेक्टर ज्यांना विचारून पैसा लावतं, त्या भैय्याजींचा अंदाज म्हणजे दगडावरची रेघ.

दामिनी शाळेत गणित शिकवते. उत्तर ताडून पाहा रे, म्हणून पोरांपुढे घसा कोरडा करते. बापाचं उत्तर तिने ताडून पाहिलं नाही. बापाचं कोण पाहतं? संध्याकाळी तिने सुमेधला फोन लावला. सहा महिने थांब, कंपनी सावरेल, एवढंच तो म्हणाला. ती थांबली नाही. वर तुझ्या कंपनीत दम नाही, असंही त्याला ऐकवलं. शब्द बापाचे होते, तोंड हिचं. मार्चमध्ये सुमेधचं लग्न झालं.

पुंडलिकरावांची स्कूटर गेटबाहेर पडली. दामिनीची आई, तारा, कपबशा उचलून आत गेली ती बाहेर आलीच नाही. दामिनी उभीच होती. केसाने गळा कापतात हे तिने ऐकलं होतं, पण तो हात घरचा असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. हातातला पेढ्यांचा डबा तिने बापापुढे ठेवला.

"बाबा, मले म्हणालात कंपनी बुडाली. दुसऱ्याच दिवशी सोता तिच्यात पैसा लावला. कावून?"

भैय्याजींनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. माझा अंदाज चुकला होता, एवढं जरी ते म्हणाले असते तरी तिने मानलं असतं. ते खोटं बोलतील याची ती जवळजवळ वाटच पाहत होती.

त्यांनी डब्यातला एक पेढा उचलला आणि पोराला घरी बोलावताना होता तसल्याच मऊ आवाजात म्हणाले,

"शेअरले पंगतीत बसवा लागत नाही, बेटा."