तिसरी कॅप

गॅरेजात जुन्या गाडीच्या इंजिनातल्या क्रँकवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, त्याला धरून ठेवणारी तिसरी कॅप त्यानं आवळली, की क्रँक जाम. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हातानं फिरवून बघायचा, ही त्याच्या वडिलांची, अण्णांची शिस्त. त्यानं कॅप काढली, पुसली, तेल लावून पुन्हा आवळली. पुन्हा जाम!

कोपऱ्यात काठीची ठकठक सुरूच होती. लकव्यानं वाचा गेली, तरी अण्णांना घरी करमत नव्हतं, रोज गॅरेजात येऊन बसायचे. तहान लागली असेल म्हणून दोनदा पाणी देऊन झालं होतं.

“अण्णा, आता गप्प बसा हो!” खेकसत तो वळला.

अण्णा काठी सोडून, चांगल्या हातात कॅप धरल्यासारखं करून, तिचं मागचं तोंड पुढे फिरवून दाखवत होते.

त्यानं कॅप तशी फिरवून बसवली. क्रँक एका बोटानं फिरला.

त्याला मान वर करवेना. अण्णांची खुर्ची त्यानं इंजिनापाशी ओढली आणि चौथी कॅप त्यांच्या तळहातावर ठेवली. “ही कशी बसवू?”