वारा

अमिल्कारेनं बंदुकीच्या दस्त्यानं पहिली बरणी फोडली, तेव्हा कोलोंबाचा बत्ता थांबला नाही. दुसरी फोडली तरी ती वाटतच राहिली.

"मावशी, पोरगी कुठंय?"

"मिलानला. गिरणीत आहे कामाला."

तिसरी बरणी फुटली. हिवाळ्यासाठी वाटून ठेवलेला हिरवागार पेस्तो, बेसिलच्या पानांची चटणी, काळ्या फरशीवर पसरला. त्याच्यावर बोटभर ओतून ठेवलेलं तेल चुलीपर्यंत ओघळत गेलं.

"परवा पुलावर मांडीत गोळी घेऊन पळाली ती. डोंगरातल्या बंडखोरांचा निरोप होता तिच्याकडं. लंगडत मिलान गाठलं होय?"

हा खालच्या प्रा गावातल्या माळ्याचा मुलगा. लहानपणी बेसिलची पानं खुडायला कोलोंबाच्याच हाताखाली असायचा. या चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात फॅसिस्टांचा काळा सदरा चढवून जर्मनांबरोबर फिरत होता. त्याचे साथीदार खालच्या गल्लीत घरं उलटीपालटी करत होते.

त्यानं फुटक्या काचेवरचा पेस्तो बोटानं उचलून चाटला. "हात तोच आहे हं तुझा. पानं, मीठ, तेल. बास." मग सहज म्हणून खलात बोट घातलं, आणि बोट तोंडातच राहिलं.

"यात चीज आहे."

"असेल."

"साठवणीच्या पेस्तोत चीज घालत नाहीत. खवट होतं. एकदा मी घातलं, तर तू माझा कान पिळला होतास. चीज आज खायच्या पेस्तोत पडतं, मावशी."

"म्हातारी झाले. चुकले."

त्यानं तिच्या थोबाडीत मारली. ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं. खल सोडायचा नाही, एवढंच तिनं मनाशी धरलं.

"एकट्या बाईला खलभर पेस्तो? जूनपासून गावात चीज नाही. जपलेला तुकडा कुणासाठी काढलास?"

अमिल्कारेनं मान वर केली. चुलीच्या वर चेस्टनट वाळवायचा फळ्यांचा माळा होता. तो हसला. बंदुकीची नळी त्यानं फळ्यांच्या फटीला लावली.

"नीवेस, खाली ये. आई जेवायला वाढतेय."

कोलोंबानं खलाचे दोन्ही कान धरून तो उचलला. संगमरवरी खल, एरवी सरकवायलाही दोघं लागायचे. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला. तो गुडघ्यावर आला, बंदूक चाचपायला लागला. दुसरा मानेवर. तिसरा तिनं नीट बघून घातला.

नीवेस पाय ओढत खाली उतरली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पावसाच्या पाण्याचं टाकं होतं. मायलेकींनी टाक्याचं झाकण काढून अमिल्कारेला आत लोटलं, मागून बंदूक लोटली.

"अमिल्कारे," खालून कुणीतरी ओरडलं, "म्हातारीकडं जेवायला बसलास काय रे?"

फरशीवर रक्त पसरत हिरव्यात शिरत होतं. नीवेसनं फडकं उचललं.

"पुसू नको. तेवढीच जागा स्वच्छ दिसली की माणूस तिथंच बघतो."

फळीवर दोन बरण्या शाबूत होत्या. अख्ख्या हिवाळ्यासाठी आता त्या दोनच. कोलोंबानं दोन्ही फरशीवर फोडल्या. खलात उरलं होतं तेही ओतलं, आणि गुडघ्यावर बसून तळहातांनी सगळं रक्तावर सारवलं. काचा हातात रुतल्या.

"अजून लाल दिसतंय, आई."

"तू वर जा."

"आणि तो कुठं म्हणून विचारलं तर?"

"बरण्या फोडल्या, मला मारलं, वरच्या वाटेनं गेला. यात खोटं एकच आहे. वर जा म्हटलं ना."

पोरगी माळ्यावर चढली. पायऱ्यांवर बुटांचे आवाज यायला लागले, दोघांचे असावेत.

वारा लागून पानं काळी पडू नयेत म्हणून कोलोंबानं चाळीस वर्षं प्रत्येक बरणीवर बोटभर तेल ओतलं होतं. ती उठली. समुद्राकडची खिडकी तिनं सताड उघडली, मग दारही उघडलं, आणि फुटलेला ओठ न पुसता उंबऱ्यात उभी राहिली.

तिच्या मागं फरशीवरचं हिरवं कडेकडेनं काळं पडायला लागलं होतं.