सव्वानऊच्या आत

नऊ वाजले आणि नरहरकाकांनी ब्रोकरच्या ऑफिसात फोन लावला. जात्याला हात लागताच ओवी ओठांवर यावी, तसं रोजचं वाक्य आपसूक आलं, "प्रणिता, आपल्या सूतगिरणीचे दहा शेअर घे."

शेअर मोठा खोडकर. सकाळी शेंड्यावर, दुपारी खड्ड्यात. काकांनी तो कधी घेतलाच नव्हता. नऊला ऑर्डर द्यायची आणि सव्वानऊला बाजार उघडायच्या आत ती रद्द करायला पुन्हा फोन करायचा, हा त्यांचा शिरस्ता. काकू गेल्यापासून दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

"काका, तुमच्या गिरणीचे सौदे आजपासून बंद. शेअर बाजारानंच थांबवलेत."

काकांना फोन करायला आता निमित्तच उरलं नव्हतं.

"मग दुसरा एखादा तूच सुचव ना," ते चाचरत म्हणाले.

"आम्हाला सुचवायची परवानगी नसते. फोन रेकॉर्ड होतात, माहितेय ना?"

"हो, हो. ठेवतो मग."

"थांबा हो. रद्दच करायचा तर कुठलाही चालेल की."

काकांचे कान तापले. म्हणजे पोरीला सगळं ठाऊक होतं. "कधी कळलं तुला?"

"वर्षभर मीच रद्द करतेय ना तुमच्या ऑर्डरी? उद्यापर्यंत दुसरं नाव शोधून ठेवा," प्रणिता म्हणाली. "आणि फोन नऊलाच करा, काका. बाजार उघडला की मला बोलायला सवड नसते."