मधला आवाज

डॉक्टरांनी शेवटचा स्क्रू आवळला आणि तिसरा मिडरेंज खोक्यात बसला.

डॉक्टर दातांचे. पण सुट्टी मिळाली की हॉलमध्ये फतकल मारून घरचे स्पीकर बनवत बसायचे. बारीक, टोकदार आवाज काढणाऱ्या ट्वीटरवर त्यांचा भारी जीव. खर्जाचा वूफरही मनासारखा मिळाला होता. घोडं अडलं होतं ते या दोघांच्या मधल्यापाशी, म्हणजे मिडरेंजपाशी. माणसाचं बोलणं बहुतेक या मधल्यातूनच येतं, आणि त्याचं ट्वीटरशी सूत जुळलं नाही तर एकाच माणसाचे दोन तुकडे होऊन ऐकू येतात.

परीक्षक म्हणून त्यांनी सासूबाईंना नेमलं होतं. अर्थात, त्यांना न सांगता. सासूबाई निवृत्त हेडबाई. फळ्याकडे तोंड करून शेवटच्या बाकावरची कुजबुज ऐकायच्या आणि मागे न वळता नाव पुकारायच्या. डॉक्टरांनी बायकोच्या आवाजात एकच वाक्य रेकॉर्ड करून घेतलं होतं, "आई, चहा घेशील का?" सासूबाईंच्या खोलीचं दार नेहमी अर्धवट लोटलेलं. लेकच विचारतेय असं समजून त्यांनी सरळ उत्तर दिलं, की मिडरेंज पास.

पहिला मिडरेंज ट्वीटरपुढे इतका मवाळ पडला की नुसते 'च' आणि 'श' तेवढे बाहेर आले. आतून सासूबाई ओरडल्या, "अगं, गॅस गळतोय बघ कुठेतरी!"

दुसऱ्याच्या वेळी त्या म्हणाल्या, "सर्दी झालीय तुला. लांबूनच बोल."

आज तिसरा. बायको बाहेर गेली होती आणि सासूबाई वामकुक्षी आटपून नुकत्याच खाटेवर उठून बसल्या होत्या. डॉक्टरांनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

"आई, चहा घेशील का?"

"घेते," आतून उत्तर आलं.

डॉक्टर उडीच मारणार होते, पण कंबरेनं परवानगी दिली नाही.

"आणि ऐक," सासूबाईंचा आवाज खाली आला. "जावईबापू नाहीयेत ना आसपास?"

डॉक्टर स्क्रूड्रायव्हर हातात धरून होते तिथेच गोठले.

"मी आता तुझ्या भावाकडेच जाऊन राहीन म्हणते. कायमची. माणसं चांगली आहात गं तुम्ही. पण इथे माझं ऐकतं कोण? तू दमून येतेस. हे त्या खोक्याला कान लावून बसतात. परवा यांना म्हटलं, गुडघा सुजलाय, जिना उतरवत नाही. तर डोळे मिटून म्हणाले, 'अहाहा, काय स्वच्छ!'"

डॉक्टरांना ते 'अहाहा' लख्ख आठवलं. गुडघा काही केल्या आठवेना.

"ऐकतेयस ना?"

आता काहीतरी बोलणं भाग होतं, आणि बायकोच्या आवाजात त्यांच्यापाशी होतं एवढं एकच वाक्य. त्यांनी बटण दाबलं.

"आई, चहा घेशील का?"

"घेते म्हटलं ना एकदा! म्हणजे तुझंही लक्ष नाहीच."

डॉक्टर निमूट उठले. चहा केला आणि कप घेऊन खोलीत गेले.

"आई, कोणता गुडघा?"

"डावा," सासूबाई बोलून गेल्या आणि कप ओठांशी नेता नेता थांबल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं? ती कुठाय?"

"बाहेर गेलीय. केव्हाच."

"मग मघाशी चहाचं कोण विचारत होतं?"

"मिडरेंज."

सासूबाईंनी कप स्टुलावर ठेवला. आपण काय काय बोलून बसलो याची त्या मनातल्या मनात उजळणी करत असाव्यात, कारण त्यांचे कान लाल होत चालले होते. डॉक्टरांनी तोंड उघडलं. समोरच्याच्या तोंडात कापूस कोंबायचा आणि आपण बोलत राहायचं, ही त्यांची धंद्यातली सवय. त्यातून ट्वीटर आणि मिडरेंज आज कसे एकजीव झाले, हे सांगायला जीभ नुसती शिवशिवत होती. त्यांनी तोंड पुन्हा मिटलं आणि खुर्ची ओढून खाटेशेजारी बसले.

सासूबाईंनी जरा वाट पाहिली. जावई काहीच बोलेना. मग त्या हळूहळू सुरू झाल्या. गुडघ्यावरून जिन्यावर, जिन्यावरून एकटीनं काढायच्या लांबलचक दुपारींवर, तिथून थेट शाळेवर. डॉक्टर मध्ये एकदाच म्हणाले, "उद्या हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊ," आणि लगेच गप्प झाले. चहावर साय धरली.

बऱ्याच वेळानं त्यांनी चाचरत विचारलं, "आणि ते... भाऊंकडे कायमचं?"

"जाईन की. आठ दिवस राहून येईन." सासूबाईंनी गार चहा एका घोटात संपवला आणि रिकामा कप जावयाच्या हातात दिला. "आणि तुमचा तो मधला, तोच ठेवा."

डॉक्टर फुलले. "जुळला ना आवाज? अगदी हुबेहूब?"

"आवाज ठीकच आहे हो," सासूबाई म्हणाल्या. "पण मी एवढं बोलले, तर तो मध्ये फक्त एकदाच बोलला."