गोवऱ्यांचं सरण

कुऱ्हाड परसातल्या आंब्याला टेकवून भाईकाका मीनलला म्हणाले, "तुझ्या बापानं लावलेला आंबा. त्याच्या सरणाला हाच हवा."

अण्णा ओटीवर निजवलेले होते. मीनल काही बोलणार, तोच गावातल्या कॉलेजच्या मुलांनी अंगणात टेम्पो आणून उभा केला. आत गोवऱ्या आणि घाणेरीची वाळकी लाकडं. डोंगर उघडा पडला, उन्हाळे सोसवेनात, तेव्हा या मुलांनीच गावापुढे हट्ट धरला होता, की मयतासाठी उभं झाड तोडायचं नाही.

"शेणात जाळू माझ्या भावाला? आणि अर्धवट राहिला तर?" काका कडाडले.

"नाही राहणार, काका. माझ्या आजीचं सरण मीच रचलंय, याच गोवऱ्यांचं," त्या मुलांतली, पुढे उभी असलेली प्रणाली म्हणाली. ती मागे सरली नाही.

मीनलनं कुऱ्हाड उचलून आत नेऊन ठेवली. "अण्णांचंही तूच रच," ती म्हणाली.

स्मशानात मुलांनी एकेक गोवरी अशी बसवली, की मधून वारा खेळावा. इतक्या निगुतीनं कुणाची पाठवणी करता येते, हे मीनल पहिल्यांदाच पाहत होती. संध्याकाळी उरली ती फक्त मऊ, पांढरी राख.

काकांनी वाकून राख नीट निरखली. मग खाकरून प्रणालीला म्हणाले, "पोरी, माझ्यापुरत्या ठेवशील ना गं?"

"ठेवते की," प्रणाली म्हणाली. "पण घाई करू नका हं काका. गोवऱ्या वाळायला वेळ लागतो."